जुन्या लढाऊ विमानांचे कला व वस्त्रालंकरणातील रूपांतर : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

युद्धसाधने कालबाह्य झाली की ती शोभेची वस्तू होतात, हा इतिहासातील परिचित क्रम आहे. बीड जिल्ह्यातील धारूरचा किल्ला १६ व्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखान याने उभारला. तट, बुरूज व खंदक यांची योजना शत्रूचा वेढा थोपविण्यासाठी झाली होती. आज किल्ल्यावर जाणारा प्रवासी वेढ्याचा विचार करीत नाही. तटाची रेषा आणि दगडी बांधणीचे सौंदर्य पाहून तो परततो. जे किल्ल्याच्या बाबतीत तीन-चार शतकांत घडले, ते लढाऊ विमानाच्या बाबतीत अवघ्या काही दशकांत घडते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ हे विमान भारतीय वायुसेनेतून समारंभपूर्वक निवृत्त करण्यात आले. १९६३ पासून सेवेत असलेले हे विमान आता चौथऱ्यावरील स्मारक, संग्रहालयातील वस्तू, भिंतीवरील चित्र आणि टी-शर्टवरील छपाई या रूपांनीच समाजासमोर राहणार आहे.

जुन्या लष्करी विमानांपासून प्रेरणा घेऊन चित्रे, शिल्पे, वस्त्रे व नित्योपयोगी वस्तू घडविण्याची परंपरा जगभर रूढ आहे. तिच्याविषयीचे लेखन बहुधा संग्राहकांच्या कौतुकाचे अथवा वेशभूषेच्या व्यवसायाशी संबंधित असते. या निर्मितीचे कला म्हणून मूल्यमापन कोणत्या निकषावर करावे, हा प्रश्न मराठी समीक्षेत फारसा उपस्थित झालेला नाही. प्रस्तुत लेखात काही निवडक उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे. विमानाचे रूप स्वीकारताना त्याच्या वापराची खूण कलाकृतीत शिल्लक राहते की पुसली जाते, हा येथे मूल्यमापनाचा मुख्य निकष मानला आहे.

१. रूप आणि प्रयोजन

लढाऊ विमान देखणे असते, हे नाकारण्याचे कारण नाही. मिग-२१ चे नळीसारखे लांबट अंग, नाकातून पुढे आलेला शंकू आणि त्रिकोणी पंख यांत एकही रेषा अलंकारासाठी काढलेली नाही. ध्वनीच्या दुप्पट वेगाला अनुकूल असे पंख हवेत, इंजिनात शिरणारी हवा शंकूने नियंत्रित व्हावी, या गरजांतून हा आकार सिद्ध झाला. नको असलेले सर्व काही वजनाच्या भीतीने गाळले गेले आणि जे उरले ते डोळ्यांना सुंदर वाटले.

कांटने १७९० मध्ये मुक्त सौंदर्य आणि अवलंबी सौंदर्य असा भेद केला. वस्तूच्या प्रयोजनाची कल्पना बाजूला ठेवून ज्याचा आस्वाद घेता येतो ते मुक्त, आणि वस्तू कशासाठी आहे या जाणिवेशी जे बांधलेले असते ते अवलंबी. मराठीत रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथाने स्वायत्ततावादी आणि लौकिकतावादी अशा दोन भूमिकांचा विस्तृत ऊहापोह केला असल्याने हा वाद मराठी अभ्यासकांना अपरिचित नाही. लढाऊ विमान या वादातील एक अवघड उदाहरण आहे. त्याच्या आकाराचा मुक्त आस्वाद घ्यायचा, तर तो आकार ज्या कामासाठी जन्मला ते काम विसरावे लागते. आणि ते काम संहाराचे आहे. फुलाचे प्रयोजन विसरून फुलाचे सौंदर्य पाहणाऱ्याचे काही बिघडत नाही. बॉम्बफेकी विमानाचे प्रयोजन विसरणे इतके निरुपद्रवी नसते. ते प्रयोजन कोणाला विसरता येते आणि कोणाला विसरता येत नाही, हे पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते. या दृष्टीने विमानाकडे पाहण्याच्या तीन जागा संभवतात : विमानाच्या आत बसलेल्याची, विमानाच्या खाली उभ्या असलेल्याची आणि विमान घडविणाऱ्याची.

२. आतून दिसणारे विमान

आधुनिक वेशभूषेत लढाऊ विमानांचा सर्वांत मोठा वारसा म्हणजे जॅकेट. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बफेकी विमानांत उंचावर तापमान उणे ४० अंशांपर्यंत व त्याखालीही जात असे. हातमोजा काढून उघड्या धातूला स्पर्श केल्यास कातडी चिकटत असे. अमेरिकेच्या हवाई दलाने १९३१ मध्ये स्वीकारलेले ए-२ हे चामडी जॅकेट आणि ब्रिटिश वैमानिकांचे मेंढीच्या लोकरी कातड्याचे अर्विन जॅकेट ही थंडीशी झुंजण्याची साधने होती. पुढे जेट विमाने अधिक उंचावर जाऊ लागली. ओले चामडे तेथे गोठून ताठ होत असे, म्हणून १९५० च्या दशकात हलक्या नायलॉनचे एमए-१ जॅकेट प्रचारात आले. त्याचे नारिंगी अस्तर पुढे फॅशनची खूण ठरले. मूळ योजना अशी की, विमान कोसळल्यावर वैमानिकाने जॅकेट उलटे करून घालावे आणि शोधपथकाला तो दुरून दिसावा. ‘टॉप गन’ (१९८६) या चित्रपटानंतर बिल्ले शिवलेले चामडी जॅकेट जगभरच्या तरुणांच्या अंगावर दिसू लागले. आज मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांतही हिवाळ्यात याच कापाची स्वस्त जॅकेटे दुकानांत टांगलेली असतात. त्यांचे नारिंगी अस्तर कायम असते. ते कोणत्या संकटासाठी होते, हे मात्र विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारीत नाही.

वायुसेनेच्या रंगचक्राचीही हीच कथा आहे. विमान आपले की शत्रूचे, हे क्षणात ओळखू यावे यासाठी हे चिन्ह असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी विमानांच्या तांबड्या गोलाशी गल्लत होऊ नये म्हणून ब्रिटिश व भारतीय विमानांच्या चक्रातून लाल रंगच काढून टाकला होता. एका रंगावर माणसाचे जीवित अवलंबून होते. १९६० च्या दशकात हेच ब्रिटिश चक्र लंडनच्या तरुणांच्या कपड्यांवर नक्षी म्हणून आले आणि पॉप कलेने त्याला भिंतीवर नेले.

चित्रकलेत आतून पाहण्याची ही दृष्टी इटालियन भविष्यवाद्यांनी टोकाला नेली. १९२९ च्या त्यांच्या जाहीरनाम्याने ‘हवाई चित्रकला’ घोषित केली. तुल्लिओ क्राली याच्या १९३९ च्या प्रसिद्ध चित्रात वैमानिक शहरावर सूर मारीत आहे. प्रेक्षकाला त्याच्या खांद्यामागून खाली धावून येणाऱ्या इमारती दिसतात. रचनेच्या दृष्टीने चित्र विलक्षण प्रभावी आहे. त्या इमारतींत माणसे राहतात, हा विचार मात्र चित्राच्या चौकटीत शिरू शकत नाही. याच दशकात, १९३५-३६ मध्ये, इटालियन विमानांनी इथिओपियावर बॉम्ब आणि विषारी वायू टाकला होता, हे लक्षात घेता ही चौकट निष्पाप राहत नाही.

३. खालून दिसणारे विमान

याच्या उलट टोकाला पिकासोचे ‘गेर्निका’ (१९३७) उभे आहे. २६ एप्रिल १९३७ रोजी बास्क प्रदेशातील या गावावर जर्मन व इटालियन विमानांनी बॉम्बवर्षाव केला. पिकासोच्या भव्य चित्रात आक्रोश करणारी आई आहे, घोडा आहे, बैल आहे, दिवा आहे. विमान कोठेही नाही. जे खाली होते त्यांना विमानाचे सौंदर्य पाहण्यास अवकाशच नव्हता. विमानाची अनुपस्थिती हाच येथे त्याचा सर्वांत कठोर उल्लेख आहे.

वस्त्रकलेत या दृष्टीचे सर्वांत बोलके उदाहरण अफगाणिस्तानातून मिळते. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा तेथे शिरल्या. त्यानंतर बलुच व अन्य विणकरांच्या गालिच्यांत, निर्वासितांच्या छावण्यांत विणलेल्या गालिच्यांतही, फुलांच्या आणि पशुपक्ष्यांच्या जागी हेलिकॉप्टर, विमाने, रणगाडे व बंदुका दिसू लागल्या. आकृतिबंध बदलला, पण विणकामाचे व्याकरण बदलले नाही. जेथे पूर्वी पक्ष्यांची ओळ येत असे, तेथे हेलिकॉप्टरची ओळ आली. हे गालिचे पुढे परदेशी ग्राहकांसाठी मोठ्या प्रमाणावर विणले गेले, हेही येथे नमूद केले पाहिजे. दुःखाची नोंद म्हणून आलेले चिन्ह बाजारपेठेत मागणीचा नमुना झाले. तरीही जॅकेटाच्या आणि गालिच्याच्या प्रवासात एक फरक उरतो. जॅकेट पाहताना थंडीची आठवण होत नाही. गालिचा पाहणाऱ्याला मात्र, हे विमान येथे का आले, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

मराठवाड्यालाही खालून पाहण्याचा अनुभव आहे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळातील हैदराबादच्या पोलीस कारवाईत भारतीय वायुसेनेची टेम्पेस्ट विमाने सहभागी होती. उमरग्याहून राजेश्वरकडे सरकणाऱ्या सैन्याचा मार्ग मोकळा करण्यासाठी त्यांनी हल्ले केले. धारूरसह बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. येथे खालून दिसणारे विमान एका अर्थाचे नव्हते. बहुसंख्यांना ते मुक्तीची चाहूल देणारे वाटले. ज्यांच्या मोर्च्यांवर ते झेपावले, त्यांना ते मृत्यूचे दूत होते. विमानाच्या प्रतिमेला एकच नैतिक अर्थ चिकटविता येत नाही, हे समजण्यास हा स्थानिक इतिहास उपयोगी पडतो.

४. विक्रांत आणि गोव्याचे संग्रहालय

महाराष्ट्र-गोव्याच्या परिसरातील दोन उदाहरणे या संदर्भात विचारात घेण्याजोगी आहेत. १९६१ मध्ये नौदलात दाखल झालेली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर होती. तिच्यावरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव व कॉक्स बाजार येथे हल्ले केले. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली, २००१ ते २०१२ या काळात मुंबईत संग्रहालय म्हणून खुली राहिली आणि २०१४ मध्ये भंगारात निघाली. २०१६ मध्ये तिच्या धातूला दोन नवे जन्म मिळाले. शिल्पकार अर्झान खंबाटा यांनी मुंबईत नौदल गोदीच्या लायन गेटजवळ तिचे स्मारकशिल्प घडविले. तर बजाज ऑटोने ‘व्ही’ ही मोटारसायकल बाजारात आणली, जिच्या इंधनटाकीत विक्रांतचा धातू मिसळलेला होता.

धातू एकच, पण त्याचे अर्थ भिन्न झाले. मोटारसायकलच्या जाहिरातीत विक्रांतचा पराक्रम ग्राहकाच्या मालकीचा होतो. टाकीतील धातू डोळ्यांना दिसत नाही, त्याला वेगळा आकार नाही. तो केवळ सांगितल्यामुळे आहे. एका अर्थी हा अवशेषपूजेचा प्रकार ठरतो. स्मारकशिल्पात धातू धातू म्हणूनच समोर उभा राहतो आणि तो कोठून आला हा प्रश्न जागा ठेवतो. मात्र शिल्प रस्त्याच्या कडेला राहिले आणि मोटारसायकल गावोगाव पोहोचली. लोकस्मृती घडविण्याची शक्ती कोणाच्या हाती आहे, याचे हे उदाहरण आहे. समीक्षेने केवळ कलादालनाकडे लक्ष दिले, तर या शक्तीचा विचार तिच्या कक्षेबाहेर राहील.

गोव्यात दाबोळी येथे १९९८ मध्ये सुरू झालेल्या नौदलाच्या हवाई संग्रहालयात सी हॉक, अलिझे, व्हॅम्पायर, सुपर कॉन्स्टेलेशन आदी विमाने ठेवली आहेत. २०१६ मध्ये निवृत्त झालेले सी हॅरियरही येथे आहे. विमाने चाकांवर, उड्डाणास सज्ज अशा पवित्र्यात उभी असतात; फलकावर वेग, पल्ला व शस्त्रांची माहिती मिळते. हीच सी हॅरियर जातीची विमाने ब्रिटनमध्येही होती. तेथील कलावती फिओना बॅनर यांनी २०१० मध्ये लंडनच्या टेट ब्रिटन कलादालनात एक सी हॅरियर नाक जमिनीकडे करून छतापासून टांगले आणि त्याच्या अंगावर पिसांची नक्षी रंगविली. हॅरियर हे मुळात एका शिकारी पक्ष्याचे नाव. मारून उलटा टांगलेल्या पक्ष्यासारखे ते विमान दिसत होते. शेजारी जग्वार विमान पाठीवर पालथे पडलेले. त्याचा रंग खरवडून धातू असा घासला होता की, प्रेक्षकाला त्यात स्वतःचे प्रतिबिंब दिसावे. वस्तूत फारसा बदल न करता केवळ मांडणीने तिचा अर्थ पालटला. संग्रहालयाचे काम जतनाचे असते. त्याने कलावंताप्रमाणे वागावे अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे. परंतु निवृत्त विमानाकडे पाहण्याची आपल्याकडील एकमेव रीत सलामीची आहे, ही मर्यादा या तुलनेतून स्पष्ट होते.

ही मर्यादा का जाणवावी? त्याचे उत्तर आकड्यांत आहे. २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार, घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत नष्ट झाली. त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक व अन्य सेवांतील ८ जण मृत्युमुखी पडले. हे मृत्यू शत्रूच्या गोळीने झालेले नव्हते. ‘रंग दे बसंती’ (२००६) या हिंदी चित्रपटाने मिगच्या अपघातात मरण पावलेल्या वैमानिकाची व्यथा प्रेक्षकांपर्यंत पोहोचविली. मिगचे छायाचित्र छापलेल्या टी-शर्टवर या १७१ जणांसाठी जागा नसते. विमानाच्या आत बसलेल्याचा गौरव करीत असल्याचा दावा करणारी ही वस्त्रे प्रत्यक्षात त्या आतील माणसालाही विसरतात.

५. घडविणाऱ्याची दृष्टी : ओझर आणि येवला

तिसरी जागा घडविणाऱ्याची. महाराष्ट्राचा मिग-२१ शी असलेला खरा संबंध याच जागेवर आहे. नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये स्थापन झाला. तेथे १९८० च्या दशकापर्यंत मिग-२१ ची सहाशेहून अधिक विमाने तयार झाली आणि पुढे मिग-२७ व सुखोई-३० यांचीही बांधणी झाली. पत्र्याला पत्रा जोडणाऱ्या, रिबिटांची ओळ तपासणाऱ्या हजारो हातांनी या विमानाला आकार दिला. तरीही विमानावरील कोणत्याही चित्रात वा वस्त्रात हा कामगार दिसत नाही.

त्याच नाशिक जिल्ह्यात येवला आहे. पैठणीच्या पदरावर मोर, बांगडी-मोर, मुनिया, आसावली विणणारे हात तेथे आजही काम करतात. एकाच जिल्ह्यातील या दोन कारागिरींची कधी भेट झाली नाही. भारतीय वस्त्रपरंपरेला यंत्राचे वावडे आहे म्हणून असे झाले, असे म्हणता येणार नाही. मुर्शिदाबाद परिसरातील बालुचरी साडीच्या पदरावर १९ व्या शतकात आगगाडी व आगबोट आली. पंजाबच्या फुलकारीतही आगगाडी भरली गेली. ज्या यंत्राने लोकांचे जीवन बदलले, ते यंत्र विणकराने आपल्या रीतीने आपलेसे केले. पैठणीने मोर सोडून विमान घ्यावे, अशी सूचना येथे अभिप्रेत नाही. मुद्दा इतकाच की, आकृतिबंध अनुभवातून आला तर तो परंपरेत सामावतो. परदेशी छापील नमुन्यावरून उचलला तर तो उसना राहतो.

हातकाम आणि मिग-२१ यांची भेट घडू शकते, याचे प्रत्यंतर दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले कलावंत राल्फ झीमन यांच्या कृतीतून येते. त्यांनी एक संपूर्ण मिग-२१ रंगीत काचमण्यांनी मढविले असून २०२५ मध्ये ते सिएटलच्या विमान संग्रहालयात प्रदर्शित झाले. कोट्यवधी मणी ओवण्याचे काम झिंबाब्वे व दक्षिण आफ्रिकेतील कारागिरांनी केले. वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेने अंगोलात केलेल्या युद्धाची पार्श्वभूमी या कृतीला आहे. आफ्रिकी मणीकामाची भौमितिक नक्षी विमानाच्या धारदार आकारावर पसरते, तेव्हा आकार लपत नाही, पण त्याचा दरारा नाहीसा होतो. येथे अलंकरण हे विस्मरणाचे साधन राहत नाही. ज्यांच्या भूमीवर युद्ध लढले गेले, त्या खंडातील हातांनी ते विमान पुन्हा घडविले आहे. खालून पाहणारा आणि घडविणारा या कृतीत एकाच जागी येतात. म्हणूनच विमानापासून प्रेरणा घेतलेल्या अलीकडच्या निर्मितीत तिचे स्थान महत्त्वाचे ठरते. इतक्या झगमगाटात युद्धाचा संदर्भ फलकावरच राहून जाण्याचा धोका संभवतो, हा आक्षेप मात्र पूर्णपणे निकालात काढता येत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. लढाऊ विमानाचे सौंदर्य खरे आहे. पण ते प्रयोजनापासून वेगळे काढले असता विमानाच्या आत, खाली व कारखान्यात असलेली माणसे त्या सौंदर्यातून वगळली जातात.

२. विमानापासून प्रेरित जॅकेट, चिन्ह वा छपाई यांत दोष प्रेरणेचा नसून विस्मरणाचा आहे. नारिंगी अस्तर का शिवले होते, एवढे ठाऊक असणे हीदेखील वस्त्राच्या साक्षरतेची पहिली पायरी ठरते.

३. अफगाण गालिचे, बॅनर यांची मांडणी व झीमन यांचे मणीकाम यांचे मोल त्यांच्या कौशल्याइतकेच, पाहणाऱ्याची जागा बदलण्याच्या त्यांच्या सामर्थ्यात आहे.

४. महाराष्ट्रात या विषयाचा अलक्षित भाग घडविणाऱ्याचा आहे. ओझरच्या कामगाराचा अनुभव चित्रात, शिल्पात वा वस्त्रात उतरलेला नाही. महाविद्यालयांतील कला, इतिहास व मराठी विभागांनी या कामगारांच्या आठवणींचे संकलन हाती घेतल्यास अशा निर्मितीला आधार मिळू शकेल. ओझरला पहिली मिग विमाने जोडणारी पिढी आता वार्धक्यात आहे, हे ध्यानात घेता या कामाला विलंब परवडणारा नाही.

धारूरच्या तटावरील दगड कोणी घडविले, त्यांची नावे आज कोणालाही सांगता येत नाहीत. मिग-२१ च्या बाबतीत ती सांगता येण्याजोगी आहेत. विमान स्मारकाच्या चौथऱ्यावर चढविले जात असताना त्या नावांची नोंद होणे अगत्याचे आहे. अन्यथा पुढील पिढीच्या हाती विमानाचा सुंदर आकार तेवढा उरेल आणि त्यामागील माणसांची ओळख किल्ल्याच्या कारागिरांप्रमाणेच कायमची हरवेल.